पेशींतील हिरवा प्रकाश वाढला, म्हणजे प्रथिनाचे काम सुधारले का?

परळच्या एका प्रयोगशाळेत पीएचडीचे काम करणाऱ्या विद्यार्थिनीने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात सीएफटीआर नावाचे प्रथिन बिघडते. त्याचे एफ५०८डेल हे सदोष रूप हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाला, म्हणजे जीएफपीला, जोडून त्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या एचईके-२९३ या मानवी पेशींमध्ये तयार करवले. १,२८० ज्ञात संयुगांचा संच ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये, प्रत्येकी १० मायक्रोमोलर या प्रमाणात, २४ तास पेशींवर ठेवला आणि हिरवा प्रकाश किती वाढला ते प्लेट रीडरवर मोजले. रीडर पवईला असल्यामुळे प्लेट टॅक्सीने न्याव्या लागल्या. ज्या वेलमध्ये नुसते डीएमएसओ, म्हणजे संयुगे विरघळवण्याचा द्रव, होते त्यांच्या सरासरीपेक्षा तीन प्रमाण विचलनांहून जास्त प्रकाश देणारी ४७ संयुगे हाती लागली. फेरचाचणीत त्यांतली १६ गळाली, आणि गळालेल्यांपैकी १३ प्लेटच्या सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या ओळीतली होती. उरलेल्या ३१ पैकी वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिने आकारानुसार जेलवर वेगळी करून ओळखण्याच्या चाचणीत, पक्व प्रथिनाचा पट्टा फक्त दोन संयुगांनी दाखवला, तोही अंधूक. त्यांनी विचारले आहे की पद्धतच चुकली का, आणि हाताशी असलेल्या साधनांत ती सुधारता येईल का.

पद्धत सुधारता येईल, आणि त्यासाठी फार मोठा खर्चही लागणार नाही. मात्र आधी एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. तुम्हाला शोधायचे होते प्रथिनाचे कार्य, आणि तुम्ही मोजलेत पेशीत साठलेल्या जीएफपीचे प्रमाण. या दोन्हींत जे अंतर आहे, त्या अंतरातूनच तुमची बहुतेक हिट, म्हणजे उपयोगी वाटलेली संयुगे, आलेली आहेत. प्रतिदीप्तीवर आधारलेल्या प्रत्येक चाळणीत, म्हणजे अनेक संयुगांतून उपयोगी ती निवडण्याच्या प्रयोगात, यंत्र आपल्याला प्रकाशाचा आकडा देते. तो प्रकाश ज्या कारणाने वाढला असे आपण समजतो त्याच कारणाने वाढला आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र पूर्णपणे प्रयोग करणाऱ्याची असते, आणि माझ्या मते चाळणीच्या एकूण कामातला निम्म्याहून अधिक वेळ याच सिद्धतेवर जायला हवा.

सीएफटीआर हे १,४८० अमिनो आम्लांचे प्रथिन पेशीच्या पटलात बसून क्लोराइड आयनांची वाट उघडते आणि बंद करते. त्याचे जनुक १९८९ साली सापडले. एफ५०८डेल या दोषात ५०८ व्या जागचे फेनिलअॅलानिन हे एकच अमिनो आम्ल गळते. तेवढ्याने प्रथिनाची घडी नीट बसत नाही, पेशीची तपासणी यंत्रणा ते एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच, म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या पेशीतल्या जाळ्यातच, अडवते आणि प्रोटिआसोमकडे तोडण्यासाठी पाठवते. भारतीय रुग्णांत या दोषाचे प्रमाण युरोपीय रुग्णांपेक्षा कमी असले तरी जगभरात सर्वाधिक आढळणारा दोष हाच आहे. म्हणून योग्य औषधाने तीन गोष्टी घडवायला हव्यात: प्रथिनाची घडी बसली पाहिजे, ते पटलापर्यंत पोहोचले पाहिजे आणि तिथे ते उघडले पाहिजे. जीएफपीची शेपटी यांतले काहीच सांगत नाही. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळे केलेले हे प्रथिन स्वतःची पिंपासारखी घडी स्वतःच घालते आणि त्याचा प्रकाश देणारा गाभा त्या घडीच्या आत, स्वतःच्याच तीन अमिनो आम्लांपासून, तयार होतो. त्याच्या याच स्वावलंबनामुळे मार्टिन चाल्फी यांना १९९४ मध्ये ते जिवाणूंत आणि कृमींत चमकवता आले, आणि २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना मिळाले. तुमच्या प्रयोगात मात्र हाच गुण अडचणीचा ठरतो. सीएफटीआरची घडी फसलेली असली तरी त्याला जोडलेले जीएफपी बहुधा उत्तम घडी घालून चमकत राहते. सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश पटलावर आहे की केंद्रकाभोवती, एवढे तरी दिसले असते. प्लेट रीडर संपूर्ण वेलचा प्रकाश एका आकड्यात गोळा करतो, त्यामुळे तीही माहिती हरवते.

आता त्या ३१ संयुगांची यादी समोर ठेवा आणि प्रत्येकाची ज्ञात क्रिया व रंग त्याच्यापुढे लिहा. ज्ञात संयुगांच्या संचात काही गट हमखास असतात, म्हणून ती यादी न पाहताही मी हे सांगू शकतो की तिचे चार गट पडतील. पहिला गट हिस्टोन डीअॅसिटिलेज रोखणाऱ्या संयुगांचा. ट्रायकोस्टॅटिन ए आणि सोडियम ब्युटिरेट यांच्यासारखी संयुगे सायटोमेगॅलोव्हायरसच्या प्रमोटरवरून (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावरून) होणारे लेखन, म्हणजे जनुकाची आरएनए प्रत बनणे, वाढवतात, आणि तुमचे जनुक बहुधा त्याच प्रमोटरखाली आहे. म्हणजे प्रथिन जास्त बनते, सुधारत नाही. दुसरा गट बोर्टेझोमिब किंवा एमजी-१३२ यांसारख्या प्रोटिआसोम रोखणाऱ्यांचा. त्यांच्यामुळे सदोष प्रथिन तुटायचे थांबते आणि केंद्रकाजवळ त्याचे गोळे साठतात. अशा गोळ्यांना अॅग्रेसोम हे नाव १९९८ साली ज्या संशोधनात दिले गेले, त्यात अभ्यासलेले प्रथिन सीएफटीआरच होते. तिसरा गट पेशी मारणाऱ्या संयुगांचा, कारण आक्रसलेल्या मृत पेशी स्वतःच जास्त प्रकाश देतात. चौथा गट स्वतः चमकणाऱ्या संयुगांचा: क्विनाक्रिन, सुनिटिनिब, बर्बेरिन, काही प्रमाणात डॉक्सोरुबिसिन. ही संयुगे पेशींत शिरून बसतात आणि एकदा धुतल्याने निघत नाहीत. हा चौथा गट ओळखणे सर्वांत सोपे आहे. जीएफपी नसलेल्या मूळ एचईके पेशींवर हीच ३१ संयुगे तेवढेच तास ठेवा आणि त्याच तरंगलांबीवर वाचा. तिथेही प्रकाश वाढला तर तो तुमच्या प्रथिनाचा नाही, आणि हा निकाल एका प्लेटमध्ये, एका दिवसात लागतो.

या गटाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे मी स्वतः पूर्वी फसलो आहे. अनेक वर्षांपूर्वी वनस्पतींच्या अर्कांची एक चाळणी आम्ही हाती घेतली होती. त्यात हळदीच्या अर्काने इतका ठळक आणि मात्रेनुसार चढत जाणारा प्रतिसाद दिला की तीन महिने आम्ही त्याच्याच मागे होतो. आपल्याकडे हळदीवर काम करण्याची इच्छा स्वाभाविक आहे. सांगलीच्या बाजारपेठेपासून घरातल्या मिसळणाच्या डब्यापर्यंत ती सर्वत्र आहे आणि तिच्याविषयी आपल्या मनात विश्वासही आहे. परंतु कुरकुमिन निळ्या प्रकाशाने उद्दीपित होऊन हिरवट प्रकाश देते, पेशीच्या पटलांत शिरल्यावर आणखी तेजाने चमकते, आणि शरीराच्या सामूवर, रक्तद्रव नसलेल्या बफरमध्ये ठेवले तर अर्ध्या तासात बहुतांशी विघटित होते. त्याशिवाय अनेक असंबद्ध चाचण्यांत ते ‘सक्रिय’ ठरते. असे अनेक चाचण्यांत फसवे संकेत देणारे रासायनिक गट २०१० साली बेल आणि हॉलोवे यांनी पद्धतशीरपणे मांडले. त्यांना आज ‘पेन्स’ या लघुनावाने ओळखले जाते. आमचा मात्रेनुसार चढणारा सुंदर आलेख म्हणजे वेलमधल्या कुरकुमिनचे प्रमाण होते, दुसरे काही नव्हते. मात्रेबरोबर प्रतिसाद वाढणे हा खरेपणाचा पुरावा असे आपण शिकतो, पण संयुगाचा स्वतःचा प्रकाशही मात्रेबरोबरच वाढतो. त्या तीन महिन्यांत एका विद्यार्थ्याचे मोलाचे सत्र गेले, याची खंत मला आजही आहे, आणि मूळ पेशींची समांतर प्लेट पहिल्याच दिवशी लावण्याचा आग्रह मी तेव्हापासून सोडलेला नाही.

गळालेल्या १६ संयुगांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती उघड करण्यासाठी साधा हिशेब पुरतो. तुमच्या प्लेटच्या मांडणीत पहिल्या आणि बाराव्या स्तंभात कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या वेल, आहेत, म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये ८० संयुगे आणि एकूण १६ प्लेट. निव्वळ योगायोगाने तीन विचलनांच्या वर जाणाऱ्या वेलचे प्रमाण हजारी एकापेक्षा थोडे जास्त असते. १,२८० संयुगांत अशी सुमारे दोन यायला हवीत. १६ येणे हा योगायोग नव्हे. वरची आणि खालची ओळ मिळून ८० पैकी २० वेल होतात, म्हणजे गळालेल्या १६ पैकी साधारण ४ त्या ओळींत असणे अपेक्षित होते. तुमच्याकडे १३ आहेत. कडेच्या वेलमधले पाणी आधी उडते, माध्यम दाट होते आणि पेशी कडेला एका बाजूला गोळा होऊन बसतात. त्याहून गंभीर बाब अशी की तुमचे सगळे कंट्रोलही कडेच्याच स्तंभांत आहेत, त्यामुळे ज्या मापाने तुम्ही बाकीच्या वेल मोजल्या ते मापच वाकलेले होते. शक्य असेल तर कडेच्या ३६ वेलमध्ये नुसते माध्यम भरा आणि आतल्या ६० वापरा: ५० संयुगांसाठी आणि १० कंट्रोलसाठी, तेही एका जागी न ठेवता विखरून. प्लेट २६ होतील, पण त्यांतले आकडे वापरता येतील. पेशी पेरल्यावर प्लेट लगेच इन्क्युबेटरमध्ये न टाकता वीस-तीस मिनिटे सपाट ओट्यावर खोलीच्या तापमानाला ठेवल्यास पेशी समान पसरतात. एवढ्याशा सवयीने कडेचा परिणाम बराच कमी होतो. हिट ठरवताना सरासरी आणि प्रमाण विचलन यांऐवजी मध्यक आणि मध्यकापासूनचे मध्यक अंतर वापरा, म्हणजे दोन-चार टोकाच्या वेल संपूर्ण प्लेटचा उंबरठा हलवणार नाहीत.

मुंबईच्या हवेचाही इथे संबंध आहे. डीएमएसओ हवेतले पाणी अतिशय लवकर शोषते, आणि जून ते सप्टेंबर या काळात उणे वीसमधून काढलेली संयुगांची प्लेट झाकण उघडण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला पूर्ण आली नाही तर प्रत्येक वेलवर दव जमते. दर वेळी थोडे पाणी जाते, संयुग पातळ होते, काही संयुगे साकळून खाली बसतात, आणि फेरचाचणीत ती ‘गळाली’ असे दिसते. मातृप्लेटचे छोटे भाग करून ठेवा, प्रत्येक भाग एकदाच उघडा आणि उघडेपर्यंत तो सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवा. तुमच्या प्रथिनाच्या बाबतीत डीएमएसओचा आणखी एक दोष आहे: ग्लिसरॉलप्रमाणेच तेही जास्त प्रमाणात असेल तर एफ५०८डेलची घडी बसायला स्वतःच मदत करते. म्हणून कंट्रोलमध्ये आणि संयुगांच्या वेलमध्ये त्याचे प्रमाण अगदी सारखे हवे. १० मिलिमोलरच्या साठ्यातून १० मायक्रोमोलर केल्यास ते ०.१ टक्का राहते, आणि तेवढेच ठेवावे.

परळ ते पवई या टॅक्सीच्या प्रवासाकडेही तुम्ही पुरेशा गांभीर्याने पाहिलेले दिसत नाही. एखाद्या दिवशी पाऊण तास, एखाद्या दिवशी दोन तास, गाडीत वातानुकूलन चालू. तेवढ्या वेळात कार्बन डायऑक्साइड नसल्यामुळे बायकार्बोनेटवर चालणाऱ्या माध्यमाचा सामू वर सरकतो, प्लेट हलून एचईकेसारख्या सैल चिकटणाऱ्या पेशी निघून जातात, आणि एफ५०८डेल हे तर तापमानाला संवेदनशील प्रथिन आहे. एकाच दिवशी नेलेल्या प्लेट आपसात जुळतील, दोन दिवसांच्या प्लेट जुळणार नाहीत. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे शेवटचे २४ तास पेशी पवईलाच ठेवण्याची परवानगी मिळवणे. ती मिळत नसेल तर प्रवासापुरते हेपेस (कार्बन डायऑक्साइडशिवाय सामू स्थिर ठेवणारे बफर) घातलेले माध्यम वापरा, प्लेट ३७ अंशांच्या जेल-पिशव्यांमध्ये बंद डब्यात न्या, आणि पोहोचल्यावर ठरावीक वेळ, समजा एक तास, तिथल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवूनच वाचन सुरू करा. पेशी घट्ट चिकटाव्यात म्हणून वेलच्या तळाशी आधी पॉली-डी-लायसिनचा थर द्यायला विसरू नका.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. सीएफटीआरचे काम आयन जाऊ देणे हे असल्याने मोजमापही त्याच कामाचे हवे. त्यासाठी गेली वीस-पंचवीस वर्षे वापरात असलेली पद्धत म्हणजे हॅलाइडला (क्लोराइड, आयोडाइड यांसारख्या आयनांना) संवेदनशील केलेले पिवळे प्रतिदीप्त प्रथिन, म्हणजे वायएफपी. सीएफटीआरच्या वाटेने क्लोराइडप्रमाणे आयोडाइडही जाते. वायएफपीच्या गाभ्याजवळ आयोडाइडसारखा आयन बसला की गाभ्याला प्रोटॉन धरून ठेवणे सोपे जाते आणि प्रकाश मंदावतो. १४८ व्या जागी हिस्टिडिनऐवजी ग्लुटामिन आणि १५२ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी ल्युसिन घातलेले रूप आयोडाइडला विशेष संवेदनशील असते; ते २००१ मध्ये गालिएट्टा, हॅगी आणि व्हर्कमन यांनी मांडले. पेशींत एकीकडे सीएफटीआर आणि दुसरीकडे हे मोकळे वायएफपी असते. संयुगासह २४ तास झाल्यावर पेशी धुवायच्या, २० मायक्रोमोलर फॉर्स्कोलिन आणि ५० मायक्रोमोलर जेनिस्टीन देऊन पटलावर जेवढे सीएफटीआर असेल ते उघडायचे, दोन सेकंद मूळ प्रकाश वाचायचा, मग आयोडाइडचे द्रावण वेगाने सोडायचे आणि पुढील दहा-बारा सेकंद प्रकाश किती झपाट्याने घसरतो ते पाहायचे. घसरण वेगवान असेल तर आयोडाइड आत शिरते आहे, म्हणजे वाट उघडी आहे.

या मांडणीचे मला वाटणारे मोठे मोल तिच्या गतीत आहे. प्रत्येक वेलचा प्रकाश त्याच वेलच्या मूळ प्रकाशाने भागला जातो, त्यामुळे पेशी थोड्या कमी-जास्त असल्या किंवा वायएफपी जास्त बनले तरी उताराला फारसा धक्का लागत नाही. संयुग स्वतः चमकत असेल तर त्याचा स्थिर प्रकाश वजा होत नाही, पण तो उतार सौम्य करतो. म्हणजे अशा संयुगामुळे खरे हिट निसटू शकते, खोटे हिट निर्माण होणे मात्र कठीण. तुमच्या जुन्या मोजमापात चूक नेमकी उलट दिशेने होत होती.

तरीही या पद्धतीचे स्वतःचे चकवे आहेत. पटल फाटलेल्या पेशीत आयोडाइड कुठूनही शिरते, म्हणून विषारी संयुगे इथेही हिट दिसतात. वायएफपीचा प्रकाश सामूवर अवलंबून असतो, म्हणून पेशीतील आम्लता बदलणारे संयुग फसवू शकते. कॅल्शियम वाढवणारी संयुगे कॅल्शियमवर चालणारी क्लोराइडची दुसरी वाट उघडतात. एचईके पेशींत तर पाणी आत शिरून पेशी फुगली की उघडणाऱ्या आयनवाटाही भरपूर असतात, आणि द्रावणाची तीव्रता थोडी चुकली तरी त्या जाग्या होतात. म्हणून या कामासाठी एचईके सोडाव्यात असा माझा सल्ला आहे. फिशर उंदराच्या थायरॉइडपासून मिळवलेल्या एफआरटी पेशींची स्वतःची हॅलाइड गळती अगदी कमी असते, त्या घट्ट चिकटतात, आणि जगात या विषयावरचे बहुतेक काम त्यांच्यावरच झाले आहे. कोणत्याही पेशी आल्या तरी मायकोप्लाझ्माची (पेशींना गुपचूप लागण करणाऱ्या जिवाणूची) तपासणी झाल्याशिवाय मुख्य इन्क्युबेटरमध्ये जाऊ देऊ नका. आणि प्रत्येक हिटला दोन प्रश्न विचारा: सीएफटीआर नसलेल्या, फक्त वायएफपी असलेल्या पेशींतही घसरण दिसते का, आणि सीएफटीआर-आयएनएच-१७२ हा रोधक १० मायक्रोमोलर दिल्यावर ती थांबते का? हा रोधकसुद्धा ५०,००० संयुगांच्या अशाच प्रतिदीप्ती चाळणीतून २००२ मध्ये सापडला. तो दिल्यावरही घसरण तशीच राहिली तर आयोडाइड दुसऱ्या कुठल्या वाटेने शिरते आहे.

यंत्राबाबत एक व्यावहारिक गोष्ट. तुमच्या रीडरला इंजेक्टर आहे, पण तो एका वेळी एकच वेल वाचतो. एका वेलला साधारण २० सेकंद धरले तर ९६ वेलना ३२ मिनिटे लागतात, आणि शेवटच्या वेलमधल्या पेशी तेवढा वेळ फॉर्स्कोलिनमध्ये ताटकळतात. ६० वेलच्या मांडणीत हा काळ २० मिनिटांवर येतो. फॉर्स्कोलिनही टप्प्याटप्प्याने द्या, म्हणजे प्रत्येक वेलला सारखाच अवधी मिळेल. काळ्या भिंतींच्या आणि पारदर्शक तळाच्या प्लेट वापरून वाचन खालून घ्या. माध्यमातले फिनॉल रेड आणि रायबोफ्लेविन दोन्ही प्रकाशात ढवळाढवळ करतात, म्हणून वाचन साध्या फॉस्फेट बफरमध्ये करा. आयोडाइडचे द्रावण रोज ताजे करा. उजेडात राहिले तर ते पिवळे पडते.

पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे जिथे सुधारणा नक्की दिसायला हवी अशी वेल, तुमच्या मूळ प्रयोगात नव्हताच, आणि ही उणीव मला सर्वांत जास्त खटकली. या दोषासाठी निसर्गानेच एक कंट्रोल दिलेला आहे: पेशी २४ तास २७ अंश सेल्सिअसला ठेवल्या की एफ५०८डेलचा काही भाग घडी घालून पटलावर पोहोचतो, हे १९९२ पासून माहीत आहे. मात्र साधा कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही, आणि खोलीपेक्षा साधारण पाच अंशांनी वरचेच तापमान नीट राखू शकतो. आपल्या हवेत त्यावर २७ ही संख्या लावली तरी आत ३० असू शकते. त्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्राच्या बहुतेक विभागांत असणारा थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर वापरा, हेपेस घातलेल्या माध्यमात प्लेट बंद डब्यात ठेवा आणि डब्यात स्वतंत्र तापमापी ठेवा. दुसरा कंट्रोल म्हणून एफ५०८डेलची घडी सुधारणारे लुमाकाफ्टर हे औषध ३ मायक्रोमोलर घ्या. हे दोन्ही हाती आले की एकही संयुग वापरण्यापूर्वी पद्धतीची परीक्षा करा. १९९९ साली झांग, चुंग आणि ओल्डनबर्ग यांनी सुचवलेला झेड प्राइम हा अंक यासाठी पुरेसा आहे. समजा, पॉझिटिव्ह वेलमध्ये प्रकाश सेकंदाला सरासरी ८ टक्क्यांनी घसरतो आणि विचलन ०.७ आहे, निगेटिव्हमध्ये घसरण २ टक्के आणि विचलन ०.३ आहे. दोन्ही विचलनांची बेरीज १, तिची तिप्पट ३, सरासरींतला फरक ६. तीनला सहाने भागून एकातून वजा केले की ०.५ उरतात. एवढा अंक सलग तीन वेगवेगळ्या दिवशी मिळाला की चाळणी सुरू करा. तो मिळत नसेल तर संयुगांचा संच फ्रीजरमध्येच राहू द्या. मोजमाप डळमळीत असताना संच वापरणे म्हणजे महागडी संयुगे वाया घालवणे होय.

ही मेहनत कशासाठी करायची, असे एखाद्या संध्याकाळी वाटेल, म्हणून या क्षेत्रात काय घडले आहे ते आठवून ठेवा. २००५ मध्ये वायएफपीच्या याच पद्धतीने दीड लाख संयुगे तपासून एफ५०८डेलची घडी सुधारणारे पहिले काही रेणू प्रसिद्ध झाले. दुसऱ्या एका गटाने पटलावरील विद्युतदाब दाखवणाऱ्या प्रतिदीप्त रंगांची जोडी वापरून दोन लाखांहून अधिक संयुगे चाळली. त्या वाटेने आलेल्या आयव्हाकाफ्टरला जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते आधी दिले गेले ते जी५५१डी हा वेगळा दोष असलेल्यांना, ज्यांत प्रथिन पटलावर पोहोचते पण उघडत नाही. एफ५०८डेलसाठी लुमाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर ही जोडी २०१५ मध्ये आणि इलेक्साकाफ्टरसह तीन औषधांचा संयोग ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्य झाला. ज्या मुलांचे बालपण खोकल्यात आणि रुग्णालयात जात असे, त्यांतल्या अनेकांचे आयुष्य या गोळ्यांनी बदलले. या इतिहासातला एक प्रसंग तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. २०१४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की आयव्हाकाफ्टर दीर्घकाळ दिले तर सुधारलेले एफ५०८डेल पटलावर कमी टिकते. दहा सेकंदांच्या घसरणीत हे दिसू शकत नाही, कारण त्या वेळी संयुग नुकतेच दिलेले असते. म्हणून तुमच्या अंतिम हिटसाठी २४ तासांबरोबर ७२ तासांचीही एक फेरी ठेवा.

प्रतिदीप्तीच्या कसोटीवर उतरलेल्या संयुगाची पुढची परीक्षा प्रकाशाशिवाय व्हायला हवी. वेस्टर्न ब्लॉटमध्ये अपक्व प्रथिनाचा बी पट्टा सुमारे १५० किलोडाल्टनच्या आसपास आणि साखरेची पूर्ण साखळी चढलेला सी पट्टा १७० च्या वर दिसतो. तुमच्या प्रथिनाला जीएफपी जोडलेले असल्यामुळे दोन्ही पट्टे सुमारे २७ किलोडाल्टनने वर सरकले असतील, आणि इतक्या वर जेल नीट फाकत नाही. दोन संयुगांचा सी पट्टा अंधूक दिसण्याचे कारण कदाचित हेच असेल. जीएफपी नसलेल्या प्रथिनावर, कमी टक्क्यांच्या जेलवर तो ब्लॉट पुन्हा करा आणि सी व बी यांचे गुणोत्तर मांडा. सी वाढला, पण बीही तेवढाच वाढला तर ते पुन्हा जास्त लेखनाचेच लक्षण आहे. त्यानंतर उसिंग चेंबरमध्ये पेशींच्या थरातून जाणारा प्रवाह थेट मोजा. ते उपकरण तुमच्या संस्थेत नसेल, पण आतड्यातील आयनवहनावर काम करणारे गट ते वापरतात, आणि आठवडाभरासाठी तिथे जागा मागण्यात संकोच करू नये.

ती दोन संयुगे सध्या बाजूला ठेवा, टाकून देऊ नका. संचातल्या जुन्या द्रावणावर विसंबू नका. दोन्हींची ताजी भुकटी दुसऱ्या पुरवठादाराकडून मागवा, शुद्धता वस्तुमान वर्णपटाने तपासून घ्या, आणि ३० मायक्रोमोलरपासून तीन-तीन पटींनी उतरणाऱ्या आठ मात्रा एफआरटी पेशींत, रोधकासह आणि रोधकाशिवाय, तीन वेगवेगळ्या दिवशी वाचा. भुकटी यायला तीन-चार आठवडे लागतात. तेवढ्या काळात २७ अंशांचा कंट्रोल आणि झेड प्राइम पक्के करून ठेवा, म्हणजे ती आल्या दिवशी पहिली प्लेट लावता येईल.